न धुतलेला रोल आणि विमानतळावरचा एक्स-रे

माढा तालुक्यातल्या एखाद्या रुग्णाला कुर्डुवाडीच्या किंवा बार्शीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला सांगितला, तर घरी परतल्यावर तो ‘छातीचा फोटो काढायला सांगितलाय’ असेच म्हणतो, आणि या बोलण्याला हसणाऱ्या शहरी माणसापेक्षा तो रुग्णच भौतिकशास्त्राच्या अधिक जवळ असतो. क्ष-किरण हे प्रकाशाचेच भावंड असून दोघांत फरक आहे तो केवळ ऊर्जेचा, आणि दवाखान्यातली ती काळी फिल्म व लग्नात फोटोग्राफर कॅमेऱ्यात भरत असे तो छत्तीसचा रोल यांचे कूळ एकच आहे. १९६० साली स्थापन झालेली, तमिळनाडूतील उदगमंडलम येथील ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ ही सरकारी कंपनी ‘इंदू’ या नावाने फोटोचे रोलही बनवीत असे आणि रुग्णालयांसाठी एक्स-रे फिल्मही बनवीत असे. हे नाते एकदा ध्यानात घेतले, की विमानतळावर कॅमेरा आणि फिल्म घेऊन जाणाऱ्या प्रवाशाच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सापडू लागतात, कारण सामान तपासणारे यंत्र हाही एक कॅमेराच असतो, आणि न धुतलेल्या रोलला स्वतःच्या मालकाचा कॅमेरा व सुरक्षा दलाचा कॅमेरा यांत भेद करता येत नाही.

फिल्म म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक. या मिश्रणाला छायाचित्रणाच्या भाषेत इमल्शन म्हणतात. प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, तो चांदीच्या आयनाला गाठून त्याचे धातुरूप चांदीच्या अणूत रूपांतर करतो, आणि असे चारएक अणू एका ठिकाणी जमले की तो स्फटिक ‘जागा’ होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण रोल धुताना डेव्हलपर नावाचे रसायन नेमके हेच जागे झालेले स्फटिक शोधून त्यांची संपूर्ण चांदी काळी करते. टिपल्यापासून धुण्यापर्यंतच्या या अदृश्य अवस्थेला सुप्त प्रतिमा असे नाव आहे. प्रवासात नेलेला प्रत्येक रोल, मग तो कोरा असो वा फोटो काढून भरलेला, धुतला जाईपर्यंत सारखाच नाजूक असतो, आणि फोटो काढून झाले म्हणजे धोका टळला ही सर्वसाधारण समजूत त्यामुळेच चुकीची ठरते.

क्ष-किरणांचा कण दृश्य प्रकाशाच्या कणापेक्षा हजारो पटींनी ऊर्जावान असतो, त्यामुळे कागद, कापड, प्लास्टिक आणि रोलची पातळ पत्र्याची डबी यांतून तो सहज आरपार जातो, परंतु जड अणूंपाशी तो अडतो. चांदीचा अणुक्रमांक ४७ आणि ब्रोमिनचा ३५. म्हणजे बॅगेतल्या बाकीच्या कपड्यालत्त्याच्या मानाने इमल्शन क्ष-किरणांना अडवण्यात चांगलेच तरबेज असते, आणि असा एकच कण अख्खा स्फटिक जागा करण्यास पुरेसा ठरतो. स्फटिक जितका मोठा तितका तो सहज जागा होतो, आणि फिल्मचा वेग, म्हणजे कमी उजेडात चित्र टिपण्याची तिची क्षमता, हा बऱ्याच अंशी स्फटिकांच्या आकारावरच अवलंबून असतो. हा वेग डबीवर आयएसओ या आकड्याने छापलेला असतो. २०० आयएसओचा रोल उन्हात वापरायचा आणि ८०० किंवा ३२०० चा रोल मंदिराच्या गाभाऱ्यात अथवा रात्रीच्या कीर्तनात वापरायचा, एवढे गणित गावोगावच्या स्टुडिओवाल्यांना ठाऊक होते. ज्या गुणामुळे हा रोल समईच्या उजेडात काम करतो त्याच गुणामुळे तो क्ष-किरणांपुढे अधिक दुबळा ठरतो, ही त्याच गणिताची दुसरी बाजू आहे.

ही दुर्बलता विज्ञानाच्या मात्र फार कामी आली आहे. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची हाडे व बोटातली अंगठी छायाचित्रणाच्या काचपट्टीवर उमटवून दाखवली. पुढच्याच वर्षी आंरी बेकरेल यांनी काळ्या कागदात गुंडाळून खणात ठेवलेल्या काचा युरेनियमच्या क्षाराच्या सहवासाने काळवंडल्याचे पाहिले, आणि किरणोत्सर्गाचा शोध लागला. सर्वांत विलक्षण प्रसंग १९४५ चा आहे. अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या एक्स-रे फिल्मवर अकारण डाग पडू लागले, तेव्हा कंपनीचे शास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी त्याचा माग फिल्मच्या वेष्टनासाठी वापरलेल्या पुठ्ठ्यापर्यंत काढला. इंडियाना राज्यातल्या ज्या गिरणीत तो पुठ्ठा तयार झाला होता, तिथल्या पाण्यात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुचाचणीची धूळ मिसळली होती. जगापासून लपवलेल्या स्फोटाची चुगली अशी एका फिल्मने केली.

विमानतळांवर क्ष-किरण यंत्रे आली ती अपहरणांमुळे. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या काळात विमान पळवण्याचे प्रकार इतके वाढले, की ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. भारतात १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान दिल्लीहून निघाल्यावर पळवून लाहोरला नेण्यात आले, त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, आणि १ एप्रिल १९८७ पासून तो बीसीएएस या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र विभाग बनला. काठमांडूहून निघालेले आयसी-८१४ हे विमान डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेले गेल्यावर विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली, आणि पहिला मान फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरला मिळाला. मुंबई वा पुणे विमानतळावर ट्रे पुढे सरकवणारा जवान याच दलाचा असतो. तो पाळतो ते नियम मात्र बीसीएएसचे असतात, आणि विमान कंपनीचा कर्मचारी या दोघांहून वेगळा असून फिल्मच्या बाबतीत त्याच्या शब्दाला काहीही वजन नसते, हे प्रवाशाने आधीच समजून घेतलेले बरे.

हातातले सामान ज्या नेहमीच्या यंत्रातून जाते ते कमी व जास्त अशा दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरते आणि दोन्हींच्या फरकावरून पदार्थाचा अंदाज बांधते. पडद्यावर कापड, कागद, अन्न यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात, आणि मधल्या जातीचे पदार्थ हिरवे दिसतात. स्फोटकेही बहुधा सेंद्रियच असल्यामुळे जवानाची नजर नारिंगी रंगावर असते, पण एकावर एक ठेवलेले कॅमेरे, लेन्स, फ्लॅश व चार्जर मिळून गडद निळ्या रंगाचा जो गोळा तयार होतो त्याच्या मागे काय दडले आहे ते त्याला दिसत नाही. कॅमेरा बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवण्याचा आग्रह याच कारणासाठी असतो. त्यामागे आणखी एक कडू आठवण आहे: ९ सप्टेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात अहमद शाह मसूद यांची हत्या करणारे दोघे मुलाखत घ्यायला आलेले पत्रकार म्हणून वावरत होते आणि स्फोटके चित्रीकरणाच्या साहित्यात लपवलेली होती.

विमानाच्या पोटात जाणाऱ्या, म्हणजे काउंटरवर सोपवलेल्या चेक-इन सामानाची कथा याहून निराळी आणि फिल्मच्या दृष्टीने अधिक भयंकर आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात बसलेलाच नव्हता. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॅगेतल्या स्फोटात दोन हमाल ठार झाले. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर पॅन अॅमचे विमान कोसळले, त्यात गावकऱ्यांसह २७० माणसे गेली आणि तिथे बॉम्ब रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये बसवलेला होता. सपाट चित्रात न ओळखू येणारी अशी स्फोटके पकडण्यासाठी रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचे तंत्र सामानाला लावण्यात आले, आणि १९९४ च्या अखेरीस अमेरिकी हवाई प्रशासनाने अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली. सीटी यंत्र बॅगेभोवती फिरून अनेक कोनांतून क्ष-किरण सोडते आणि त्यांतून आतल्या वस्तूंचे काप करून दाखवते. बॅगेला मिळणारी किरणांची मात्रा अर्थातच साध्या यंत्राच्या कित्येक पट होते. न धुतलेला रोल त्यात सापडला तर धुतल्यावर त्यावर सुमारे सेंटिमीटरभर रुंदीचा धुरकट पट्टा उमटतो, आणि रोल डबीत गुंडाळलेला असल्यामुळे तो पट्टा चित्राचित्रांतून नागमोडी फिरत जातो. अनेक हौशी छायाचित्रकार हा दोष कॅमेऱ्यात उजेड शिरल्याचा समजून कॅमेरा दुरुस्तीला टाकतात. उजेड शिरल्याची खूण बहुधा कडेकडेने व एकाच जागी येते, तर हा नागमोडी पट्टा रोलच्या आरपार जातो, हा ओळखण्याचा ढोबळ उपाय. त्यामुळे चेक-इन सामानात न धुतलेली फिल्म कधीही ठेवू नये, हा या विषयातला एकमेव नियम असा आहे की ज्याला अपवाद नाही.

हातातल्या सामानाबाबत आजवरचा व्यवहार सैल होता. ४०० आयएसओपर्यंतचा रोल साध्या यंत्रातून दोन-चारदा गेला तरी दिसण्याइतके नुकसान होत नाही, ८०० व त्यापुढच्या रोलसाठी मात्र हाताने तपासणी मागावी, असा उत्पादकांचा सल्ला असे. किरणांची मात्रा साचत जाते. मुंबईहून लंडनला जाऊन परत येताना वाटेत आखाती विमानतळावर विमान बदलले, तर एकाच रोलची चारदा तपासणी होते आणि चौथ्या वेळी पहिल्या तिन्हींचा हिशेब जमेस धरला जातो. ४०० चा रोल मुद्दाम १६०० समजून वापरणे व धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणे, ज्याला पुश करणे म्हणतात, अशी ज्यांची रीत असते त्यांनी तो रोल १६०० चाच मानावा, कारण जादा धुण्याने चित्राबरोबर धुरकटपणाही वाढतो. आता परिस्थिती पालटली आहे, कारण सीटी यंत्रे हातातल्या सामानाच्या रांगेतही येऊ लागली आहेत. प्रवाशाला लॅपटॉप व पाण्याची बाटली बाहेर काढावी लागत नाही म्हणून ती लोकप्रिय आहेत, ब्रिटन व अमेरिकेतील मोठ्या विमानतळांवर ती बसली आहेत, आणि भारतातही गर्दीच्या विमानतळांसाठी बीसीएएसने तसे निर्देश दिलेले आहेत. अशा यंत्रासमोर १०० आणि ८०० हा भेद उरत नाही. कोडॅकसारख्या उत्पादकांचे म्हणणे स्पष्ट आहे की कोणत्याही वेगाची न धुतलेली फिल्म सीटी यंत्रात घालू नये. लग्नसमारंभात हल्ली हौसेने फिरवला जाणारा इन्स्टॅक्स कॅमेरा, ज्यातून फोटो लगेच बाहेर पडतो, त्याची फिल्मही ८०० आयएसओची असते, हे नवरानवरीच्या मित्रमंडळींना सहसा माहीत नसते.

शिशाचे अस्तर असलेल्या पिशव्या या धास्तीवर विकल्या जातात. पातळ पिशवी पुरेसे किरण अडवत नाही, आणि जाड पिशवी पडद्यावर काळा ठिपका बनून दिसते, तेव्हा जवान ती बॅग बाजूला काढून उघडायला लावतो व रोल सुटे करून पुन्हा यंत्रात टाकण्याचा पर्याय त्याच्याकडे असतोच. ज्या गोष्टीसाठी शेवटी बॅग उघडावीच लागते ती गोष्ट आधीच उघडी ठेवून विनंती करणे स्वस्तही पडते आणि सभ्यही दिसते.

माढ्याहून निघणाऱ्या प्रवाशाच्या रोलला विमानतळाआधीच एक शत्रू भेटतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर राहतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान साठ अंशांकडे झेपावते. उष्णतेनेही स्फटिक प्रकाशाविना जागे होतात; रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांचे थर वेगवेगळ्या गतीने बिघडत असल्यामुळे सावल्यांना हिरवट वा तांबूस झाक येते. दौंड-सोलापूर लोहमार्गावर माढ्याला स्थानक असल्यामुळे रेल्वेने पुण्याकडे, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरवर, किंवा साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या सोलापूरला जाता येते. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाची धावपट्टी वर्षानुवर्षे प्रवासी सेवेविना पडून होती, जून २०२३ मध्ये शेजारच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची वादग्रस्त चिमणी पाडली गेली, आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईची सेवा सुरू झाली. कोणत्याही मार्गाने गेले तरी रोल गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत न ठेवता जेवणाच्या डब्याच्या पिशवीसारख्या उष्णतारोधक पिशवीत, बर्फाविना, ठेवणे श्रेयस्कर. एका दुपारच्या डॅशबोर्डने जे नुकसान होते ते साध्या तपासणी यंत्राच्या दोन फेऱ्यांनी होत नाही.

रांगेतला व्यवहार हा शेवटी दोन माणसांमधला व्यवहार असतो. अमेरिकेत प्रवाशाने मागणी केल्यास फिल्म हाताने तपासण्याची पद्धत रूढ आहे. भारतात ती तपासणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि मर्जी मिळवण्याचे काही शहाणपणाचे मार्ग आहेत. रोल पुठ्ठ्याच्या खोक्यातून व अपारदर्शक डबीतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत, सर्वाधिक वेगाचा रोल वरती दिसेल असा ठेवावा, कॅमेऱ्यात भरलेला रोल शक्य तर आधीच संपवून गुंडाळून घ्यावा, गर्दीची वेळ होण्याआधी पोहोचावे, आणि पिशवी यंत्राच्या पट्ट्यावर जाण्यापूर्वी हातात देऊन सांगावे. सुरक्षा दलातील जवान देशाच्या कोणत्याही भागातला असू शकतो, बोलणे बहुधा हिंदीतून होते, आणि पंचविशीतल्या जवानाने आयुष्यात रोल पाहिलेलाच नसण्याचा संभव मोठा असल्यामुळे ‘ये कॅमेरे की रील है, एक्स-रे से खराब होती है’ हे एक वाक्य कोणत्याही इंग्रजी सूचनापत्रकापेक्षा अधिक काम करते. नकार मिळाल्यास वाद घालून उपयोग नसतो. यंत्र साधे असेल तर ४०० पर्यंतच्या रोलबाबत तो नकार स्वीकारण्यात फारसे काही बिघडतही नाही. धातुशोधक दरवाजा आणि हातातली काठी यांचा फिल्मवर परिणाम होत नाही, कारण ती चुंबकीय क्षेत्रावर चालतात. खिशातल्या रोलची पत्र्याची डबी तिथे वाजेल, एवढेच.

हाताने तपासताना जवान बॅगेवर कापडाची वा कागदाची पट्टी फिरवून ती एका पेटीत घालतो. ही पेटी स्फोटकांचे अतिसूक्ष्म अंश हुंगणारे यंत्र असते, आणि स्फोटकांत आढळणारे नायट्रेट खतांतही असल्यामुळे खताच्या हाताने ती क्वचित फसते. ऊस आणि डाळिंबाच्या तालुक्यातून निघालेल्या प्रवाशाने आदल्या दिवशी शेतात बांधावर ठेवलेली कॅमेऱ्याची बॅग पुसून घ्यावी, ही सूचना ऐकायला विनोदी वाटली तरी तिला रसायनशास्त्राचा आधार आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक आणि मेमरी कार्ड यांना यातल्या कोणत्याही यंत्राचा धोका नाही. डिजिटलवाल्याची डोकेदुखी वेगळी आहे व ती बॅटरीची आहे. लिथियम-आयन बॅटरीत आतून बिघाड झाला, की तापमान स्वतःच स्वतःला वाढवत नेते आणि आग विझवणे कठीण जाते. अशी आग प्रवाशांच्या कक्षात लागली तर कर्मचारी तिच्याशी झुंजू शकतात, सामानाच्या पोटात लागली तर तिथे कोणी पोहोचू शकत नाही. म्हणून सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, म्हणजे त्यांची जागा फिल्मच्या शेजारीच ठरते. मर्यादा वॉट-तासांत मोजतात, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर-तास हे त्याचे सोपे गणित आहे. कॅनन कॅमेऱ्याची एक प्रचलित बॅटरी ७.२ व्होल्ट आणि १.८६५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे सुमारे साडेतेरा वॉट-तास. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते व सुट्या बॅटऱ्या दोनच चालतात, १६० च्या पुढे प्रवाशाला मनाई आहे. प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी किंवा ती स्वतंत्र पिशवीत ठेवावी, कारण किल्ल्यांच्या जुडग्याने दोन टोके जोडली गेली तरी ठिणगी पडते.

वजनाचा प्रश्न उजनीच्या पाणथळावर येणाऱ्या पक्षी-छायाचित्रकारांना अधिक जाचतो. भीमेवरचे उजनी धरण माढा तालुक्याच्या हद्दीत आहे, आणि त्याच्या फुगवट्यावर, विशेषतः भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांना टिपणारी ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स एकटीच तीन किलोंच्या आसपास भरते, आणि देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा सात किलोंची असते. सोलापूर-गोवा मार्गावर उडणाऱ्या एटीआर जातीच्या पंखेवाल्या विमानात डोक्यावरचे कप्पेही लहान असतात. तिपाई, स्क्रूड्रायव्हर आणि बहुउपयोगी चाकू चेक-इन सामानात टाकावेत. धूळ झटकण्यासाठी मिळणारे दाबलेल्या हवेचे डबे मात्र कुठेच नेता येत नाहीत. साधा रबरी फुगा चालतो, फक्त त्याचा अग्निबाणासारखा आकार पडद्यावर कधीकधी जवानाला दचकवतो.

कॅमेरा आत नेता आला म्हणजे तो वापरताही येतो असे नाही. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने विमानातून व सरकारी विमानतळावर छायाचित्रण करण्यास लेखी परवानगीची अट घातली; २००४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियमित सेवेच्या प्रवाशांना उड्डाणादरम्यान फोटो काढण्याची सूट दिली, पण उतरताना व झेपावताना आणि संरक्षण दलांच्या विमानतळांवर ती लागू होत नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ असल्यामुळे तिथे खिडकीतून धावपट्टीकडे कॅमेरा रोखणे महागात पडू शकते. सोलापूरचा विमानतळ नागरी आहे, तरी सुरक्षा तपासणीच्या जागेचे चित्रीकरण कुठेच चालत नाही. पंढरीच्या वारीची आकाशातून टिपलेली छायाचित्रे उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकामुळे मराठी घरांत पोहोचली. आकाशातून अशी छायाचित्रे घेण्याचा विचार करणाऱ्याला आधी या नियमाचा विचार करावा लागतो.

माळ्यावर सापडलेल्या जुन्या रिळांचा एक उपप्रश्न उरतो. धुऊन झालेल्या फिल्मला क्ष-किरणांचे भय नाही. पण १९५० पूर्वीची चित्रपटांची रिळे नायट्रेट जातीच्या सेल्युलॉइडवर असत, आणि तो पदार्थ इतका ज्वालाग्राही आहे की आंतरराष्ट्रीय वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या नायट्रेटच्या एक्स-रे फिल्म पेटून सव्वाशेच्या आसपास माणसे विषारी धुराने गेली, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागून मूक चित्रपटांच्या काळातला दुर्मीळ ठेवा नष्ट झाला. जत्रेत तंबू ठोकणाऱ्या एखाद्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या वारसांना आजोबांची अशी रिळे परदेशातल्या नातवाकडे पाठवावीशी वाटली, तर ती बॅगेत घालून विमानतळावर नेण्याऐवजी आधी संग्रहालयाला दाखवलेली बरी.

परदेशात काढलेले रोल घेऊन माढ्याला परतणाऱ्या प्रवाशापुढे सर्वांत निर्धोक मार्ग असतो तो रोल तिथल्याच प्रयोगशाळेत धुऊन घेण्याचा. इकडे गावोगावच्या स्टुडिओंतल्या डार्करूम केव्हाच बंद झाल्या आहेत, आणि पुण्या-मुंबईकडे रोल पाठवायचा तर हवाई मार्गाने जाणारे पार्सलही क्ष-किरणांखालून जाऊ शकते. धुताना डेव्हलपरनंतर हायपोचे द्रावण येते, ते न वापरलेले सर्व चांदीचे क्षार विरघळवून टाकते, आणि नंतर वाहत्या पाण्याने तेही निघून जातात. पट्टीवर उरते ती फक्त काळ्या चांदीची किंवा रंगांची नक्षी, जिच्यात जागे होण्यासारखे काहीच शिल्लक नसते. अशी निगेटिव्ह सीटी यंत्रातून कितीही वेळा गेली तरी जवानाच्या पडद्यावर तिची फिकट नारिंगी पट्टी दिसते आणि निगेटिव्हवर मात्र त्या यंत्राचे काहीही उमटत नाही.